‘फीचं नंतर बघू!’

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. पण कोर्टाच्या आधी आणखी एक पायरी लागते, ती वकिलाच्या कचेरीची. आणि ती कशी चढावी याविषयी मात्र कोणी काही सांगून ठेवलेले नाही. ती पायरी मी चुकीची चढलो. एकटा चढलो असतो तर एक वेळ चालले असते. पण मी माझ्या सख्ख्या आत्याचा हात धरून चढलो. त्याची ही हकीकत. वाटणीचा, भाडेकरूचा, नाहीतर सोसायटीचा एखादा दावा ज्या घरात चालू आहे, त्या घरच्या वाचकांना ती आपलीच वाटेल.

आत्याचे यजमान २०१० साली गेले. मूलबाळ नाही. तालुक्याच्या गावी सासरचा जुना वाडा, मागे मोकळी जागा आणि वाड्यात दोन दीर. वर्षश्राद्ध होईपर्यंत सारे गोडीगुलाबीने चालले होते. पुढे आत्याने हिश्श्याचा विषय काढला, तेव्हा दिरांनी ‘‘वहिनी, तुम्हाला इथे काय कमी आहे?’’ असे विचारून तो मिटवला. या प्रश्नाला तोंडी उत्तर नसते. दावाच लावावा लागतो.

वकील शोधायला लांब जावे लागले नाही. माझ्या वडिलांचे एक शाळासोबती त्याच गावच्या कोर्टात वकिली करीत. आम्ही त्यांना वकीलकाका म्हणत असू. दर गणपतीला ते आमच्याकडे यायचे आणि मोदकांचा आकडा वडिलांशी पैज लावून वाढवायचे. २०११ मधल्या एका सकाळी मी आत्याला घेऊन त्यांच्या कचेरीत गेलो. काकांनी तासभर कागद चाळले, वंशावळ लिहून घेतली, चहा मागवला. निघताना आत्याने पिशवीतून पाकीट काढले आणि सरळ विचारले, ‘‘वकीलसाहेब, तुमची फी किती होईल?’’

आज सांगायला संकोच वाटतो, पण त्या क्षणी मला आत्याची लाज वाटली. भाजीवाल्याला भाव विचारावा तसा वकीलकाकांना भाव विचारायचा! मी घाईघाईने म्हणालो, ‘‘अगं आत्या, काका काय परके आहेत का? घरचेच आहेत.’’

काकाही हसले. ‘‘ताई, सध्या टायपिंग, नकला, नोटिसा यांच्या खर्चापोटी पंधरा हजार ठेवून जा. फीचं नंतर बघू.’’

‘‘बरं तर,’’ आत्या म्हणाली, ‘‘निकाल लागला की तुम्हाला खूश करीन हो!’’

संपले. पुढच्या भांडणाचे बी या तीन वाक्यांत पेरले गेले, आणि पहिले वाक्य माझे होते.

तारखा आणि टक्के

दावा आठ वर्षे चालला. दिवाणी दाव्याची चाल ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. कधी प्रतिवादीचे वकील आजारी, कधी साहेब रजेवर, कधी नुसतीच पुढची तारीख. आत्या एस.टी.ने जायची. काकांचे कारकून बाहेरच्या बाकावर भेटायचे, ‘‘ताई, तारखेचे पाचशे,’’ म्हणायचे. असले तर आत्या द्यायची, नसले तर ‘‘पुढच्या खेपेला’’ म्हणायची. पावती कोणी दिली नाही, कोणी मागितली नाही.

अखेर २०१९ साली तडजोड झाली. दिरांनी आत्याला १८ लाख रुपये द्यायचे: ९ लाख लगेच आणि उरलेले ९ लाख मूळ कागद, म्हणजे जुने वाटणीपत्र आणि मागच्या जागेचे खरेदीखत, हाती पडल्यावर. हे कागद दाव्याच्या कामासाठी आम्हीच वकीलकाकांच्या स्वाधीन केले होते. आम्ही पेढे घेऊन गेलो. काकांनी पेढा घेतला आणि शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, आता आपला हिशेब. दहा टक्क्यांप्रमाणे १ लाख ८० हजार होतात.’’

आत्याच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. ‘‘दहा टक्के? कधी ठरले?’’

‘‘खूश करीन म्हणाला होतात ना? इथे रीत दहा टक्क्यांचीच आहे.’’

शब्दाने शब्द वाढला. काका दुखावले, आत्या रडली आणि मी, भाषेचा प्राध्यापक, एकही शब्द न सुचून उभा राहिलो. शेवटी काका म्हणाले, ‘‘हिशेब पुरा करा आणि फाईल घेऊन जा.’’ फाईल त्यांच्या कपाटात, कागद फाईलमध्ये आणि त्या कागदांवर आत्याचे ९ लाख अडकलेले. तिच्या म्हातारपणाची सारी बेगमी एका लोखंडी कपाटात बंद झाली. असे सात महिने गेले.

डब्याच्या वेळचा सल्ला

आमच्या कॉलेजच्या आवारातच विधी महाविद्यालय आहे. तिथले एक प्राध्यापक मधल्या सुट्टीत माझ्याबरोबर डबा खातात. त्यांना मी सारे सांगितले. त्यांनी पोळीचा घास संपवला आणि विचारले, ‘‘तुम्हाला नक्की कशाचा राग आला आहे? टक्क्यांचा की कागदांचा? ते दोन वेगळे प्रश्न आहेत.’’

आधी टक्क्यांचे. वकिलांच्या वर्तनाचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने घालून दिले आहेत. निकालावर अवलंबून राहील अशी फी वकिलाने ठरवू नये आणि दाव्यातून येणाऱ्या रकमेत वाटा घेऊ नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ‘रीत’ कितीही जुनी असो, ती नियमाला धरून नाही. हा दंडक आजचाही नव्हे. मुंबईच्या एका वकिलांनी १९५२ च्या डिसेंबरात अशिलाकडून वसुलीचा निम्मा हिस्सा लिहून घेतला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५४ साली निकाल लागला. कायद्याच्या ग्रंथांत त्या वकिलांचे नाव ‘जी’ एवढ्या एकाच अक्षराने छापले आहे. इतर कोणी असा करार केला असता तर तो केवळ तेवढ्यावरून बेकायदा ठरला नसता; पण वकिलाने तो करणे हे व्यवसायाला न शोभणारे वर्तन होय, असे न्यायालयाने ठरवले. कारण उघड आहे. दाव्यात वाटा असलेला वकील सल्लागार राहत नाही, भागीदार होतो. आणि भागीदाराला तडजोड कधी करावी हे स्वतःच्या खिशाकडे पाहून सुचू लागते.

अमेरिकेत मात्र नुकसानभरपाईच्या दाव्यांत असा वाटा घेणे राजरोस चालते, आणि गरिबालाही त्यामुळे चांगला वकील मिळतो असा तिथला युक्तिवाद असतो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण आपल्याकडे काय होऊ शकते, हे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या तेलंगणातील एका विधवेच्या प्रकरणात दिसले. १९९८ साली नवरा अपघातात गेला, भरपाईचा दावा वर्षानुवर्षे चालला. फीपोटी १० लाख रुपये देऊन झाल्यावरही वकिलांनी भरपाईच्या रकमेच्या प्रमाणात आणखी मागितले आणि ३ लाखांच्या चेकवर सही घेतली, असे तिचे म्हणणे होते. खात्यात पैसे नव्हते. चेक परत गेला आणि बाईवरच फौजदारी झाली. न्यायालयाने ती फौजदारी रद्द केली, मिळालेल्या रकमेवर टक्केवारीने फी मागणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे असे म्हटले, आणि फीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा सरकारने विचार करावा असेही सुचवले.

आता कागदांचे. घड्याळजी दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत घड्याळ अडकवून ठेवू शकतो. मग वकिलाने फाईल का अडकवू नये? भोपाळमधल्या एका सहकारी बँकेच्या वकिलांनी नेमके हेच केले. १९९३ साली बँकेने त्यांचे काम थांबवले. त्यांनी सुमारे ९७ हजारांची थकबाकी सांगितली आणि ती मिळेपर्यंत फायली देण्यास नकार दिला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना अठरा महिने वकिली करण्यास मनाई केली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कमी करून ती समजेवर आणली. पण मुद्दा कायमचा निकालात काढला. अशिलाची कागदपत्रे म्हणजे दुरुस्तीला टाकलेली वस्तू नव्हे. फीचा वाद असेल तर वकिलाने त्यासाठी दुसरे मार्ग धरावेत. कागद मात्र मागताच परत करावेत. नाहीतर अशिलाचा चालता दावाच बुडायचा.

मला एकदम बळ चढले. त्याच रात्री मी बार कौन्सिलकडे पाठवायच्या तक्रारीचा मसुदा लिहून काढला. भाषा, अर्थातच, निर्दोष होती.

डगल्याच्या पाठीवरचा खिसा

दुसऱ्या दिवशी मसुदा वाचून माझे विधिज्ञ मित्र म्हणाले, ‘‘झकास आहे. पण एक सांगा, वकील फीविषयी आधी बोलत का नाहीत, याचा कधी विचार केलात?’’

याचे मूळ विलायतेत आहे. तिथल्या बॅरिस्टरांची फी हे वेतन नव्हे, मानधन. ते मागायचे नाही. अशिलाने आपण होऊन द्यायचे. त्यांच्या काळ्या डगल्याला पाठीमागे जो छोटा खिसा असे त्यात अशिलाने गुपचूप नाणी टाकावीत, म्हणजे पैशाला हात लावल्याचे पाप बॅरिस्टरला लागू नये, अशी एक गमतीची आख्यायिकाही सांगतात. जे मागायचेच नाही त्यासाठी दावा तरी कसा लावणार? श्रीमती स्विनफेन नावाची एक विधवा सासऱ्याच्या मृत्युपत्रावरून खटला लढत होती. केनेडी नावाच्या बॅरिस्टरने जिवापाड मेहनत करून तिला ती इस्टेट मिळवून दिली. तिने त्याला २० हजार पौंड देण्याचा शब्द दिला होता. पुढे तिने दुसरे लग्न केले आणि शब्द विसरला गेला. केनेडीने दावा लावला. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. पण १८६३ साली वरच्या न्यायालयाने तो फिरवला. बॅरिस्टरला फीसाठी दावा लावता येत नाही, मग आश्वासन कितीही पक्के असो!

आपल्याकडे १९२६ साली निराळा कायदा होऊन वकिलाला फीचा करार करण्याचा आणि ती वसूल करण्यासाठी दावा लावण्याचा हक्क मिळाला. त्याच कायद्याने निष्काळजीपणाबद्दल वकिलावर दावा लावण्याची वाटही अशिलाला मोकळी करून दिली. पण कायदा बदलला तरी मनातला तो पाठीवरचा खिसा गेला नाही. वकील म्हणतो, नंतर बघू. अशील म्हणतो, खूश करीन. आणि दोघांच्या मनात दोन वेगळे आकडे असतात.

‘‘शिवाय,’’ मित्र म्हणाले, ‘‘काम सरो, वैद्य मरो ही म्हण वैद्यांपुरती नाही. निकाल लागल्यावर वकिलाचा रस्ता टाळून जाणारे अशील मी किती दाखवू?’’

मी मसुदा घडी घालून खिशात ठेवला.

कॅलेंडर आणि डायरी

आत्याला मी तक्रारीचे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘अरे, आठ वर्षं तो माणूस माझ्यासाठी उभा राहिला. आधी एकदा जाऊन विचारू. तक्रार काय, पळून जाते का?’’ आणि तिने ट्रंक उघडून आठ-नऊ जुनी कॅलेंडरे काढली. दुधाचे खाडे, गॅसची टाकी, मोलकरणीच्या सुट्ट्या यांच्या शेजारी त्यावर बारीक अक्षरात नोंदी होत्या: ‘तारीख. ५०० दिले.’ ‘तारीख. दिले नाहीत.’ पावती नसली तरी माझ्या आत्याचा हिशेब चोख होता!

आम्ही गेलो. काका आधी ताठ बसले होते. मी हळूच म्हणालो, ‘‘काका, फीचं काय ते आपण बोलू. पण कागद अडवता येत नाहीत. २००० सालचा निकाल आहे.’’

‘‘मला ठाऊक आहे तो,’’ काका म्हणाले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी कारकुनाला हाक मारली. फाईल आली. काकांनी ती स्वतःच्या हाताने आत्यापुढे सरकवली. मला वाटते, सात महिने तेही या क्षणाची वाट पाहत असावेत.

फाईल मिळाल्यावर आत्या उठेल असे मला वाटले. ती उठली नाही. तिने कॅलेंडरे टेबलावर ठेवली. ‘‘आता तुमची डायरी काढा, वकीलसाहेब.’’

दोन तास ते दोघे ताळा करीत बसले. डायरीत ८७ तारखा होत्या. ५२ तारखांचे पैसे पोचले होते. ३५ तारखांचे, म्हणजे १७ हजार ५०० रुपये, राहिले होते. दोघांच्या नोंदींत फरक पडला तो केवळ तीन तारखांचा, आणि तिन्ही ठिकाणी आत्याचे बरोबर निघाले. मग आत्याने विचारले, ‘‘आणि तडजोडीसाठी दिरांकडे खेटे घातलेत, मसुदा केलात, त्याचे?’’ काका म्हणाले, ‘‘तुम्हीच सांगा.’’ आत्या म्हणाली, ‘‘आता मी सांगायची नाही. तुम्ही आकडा बोला.’’ काकांनी ४० हजार सांगितले. आत्याने ५७ हजार ५०० चा चेक लिहिला आणि म्हणाली, ‘‘पावती द्या.’’ काका मनापासून हसले. त्यांच्या कचेरीत पावतीपुस्तक सापडायला पाऊण तास लागला.

टक्के नियमात बसत नव्हते म्हणून काका हरले नाहीत, आणि कागद परत मिळाले म्हणून आत्या जिंकली नाही. केलेल्या कामाचे मोल एकाने मागितले, दुसऱ्याने दिले. जे २०११ मध्ये पाच मिनिटांत व्हायचे ते २०२० मध्ये दोन तासांत झाले. मधल्या काळात एक जुना स्नेह जवळजवळ तुटला होता.

आधी बोलावे ते

प्रत्येक घराच्या ट्रंकेत कॅलेंडरे सापडतील असे नाही. म्हणून डब्याच्या वेळी शिकलेल्या चार गोष्टी वाचकांपुढे ठेवतो.

वकीलपत्रावर सही करण्याआधी फी किती, ती एकरकमी की तारखेवारी, खर्च वेगळा की त्यातच, अपील झाले तर काय, हे विचारावे आणि अर्ध्या पानावर लिहून घ्यावे. मूळ कागद देताना त्यांची यादी करून पोच घ्यावी. पैसे चेकने किंवा मोबाइलवरून द्यावेत, म्हणजे नोंद राहते. अशिलाच्या पैशांचा हिशेब वकिलाने ठेवायचा असतो आणि मागितल्यास त्याची प्रत द्यायची असते. ती मागण्यात उर्मटपणा नाही. काम संपल्यावर हाती उरलेल्या अशिलाच्या पैशांतून ठरलेली फी वळती करून घेण्याची मुभा वकिलाला आहे; पण काम अर्ध्यावर सोडले तर न केलेल्या कामाची फी त्याने परत करायची आहे. याला मुंबईचाच एक थोर दाखला आहे. बॅरिस्टर गांधींनी इथल्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला दावा ३० रुपये फीवर घेतला. उलटतपासणीला उभे राहिले आणि शब्दच फुटेना. तेव्हा त्यांनी, दुसरा वकील करा आणि माझी फी परत घ्या, असे सांगून टाकले. नवा वकील ५१ रुपयांना पडला, हेही आत्मकथेत त्यांनी न लपवता नोंदवले आहे.

वकील बदलायचा तर आधीच्या वकिलाची ना हरकत घेण्याचा प्रघात आहे. ती मिळाली नाही तरी कोर्टाच्या परवानगीने बदलता येतो. वकिलाच्या वर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे करता येते. तिथून समजेपासून सनद रद्द होईपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण तुमच्या फीचा हिशेब लावून देणे हे त्या संस्थेचे मुख्य काम नव्हे. ग्राहक न्यायालयाची वाट तर २०२४ साली बंद झाली. दिल्लीच्या एका अशिलाचा त्याच्या वकिलाशी वसुलीची रक्कम आणि ५ हजार रुपये फी यांवरून वाद होता. तो वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वकिली ही ग्राहक कायद्याखाली येणारी सेवा नाही असा निर्णय झाला. दिवाणी न्यायालय उरतेच. पण फीच्या वादासाठी पुन्हा वकील करायचा आणि पुन्हा फी ठरवायची, ही कल्पना कोणाला मानवेल?

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मग त्यांचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुका कोर्टांतही त्याची समिती असते. आत्याने आठ वर्षे पाचशे-पाचशे मोजले, त्या कोर्टात ती पाटी नक्की कुठेतरी लागलेली असणार. एम.ए. झालेल्या तिच्या भाच्याने ती वाचली नाही.

असो. यंदा मला माझे मृत्युपत्र करायचे होते. एका तरुण वकीलबाईंकडे गेलो. बरोबर आत्याही होती. फीचा विषय कसा काढावा म्हणून मी घसा खाकरतो आहे, तोच बाईंनी एक छापील कागद पुढे केला. फी इतकी, नोंदणीचा खर्च वेगळा, खाली सहीची जागा. मी आनंदाने सही केली.

जिना उतरताना आत्या म्हणाली, ‘‘चांगली आहे हो मुलगी. आणि या खेपेला तू मध्ये बोलला नाहीस, तेही चांगलंच झालं.’’